डुलकीवरचा खोटा आळ

‘दुपारी झोपले की डोके जड होते, म्हणून दुपारची झोप बुद्धीला मारक’ हे विधान इतक्या ठामपणे केले जाते की त्यातील तर्कदोष सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. डोके जड होते हे खरे. पण त्याचे कारण डुलकी नसून तिची लांबलेली मुदत होय. झोप लागल्यावर मेंदू आधी हलक्या टप्प्यांतून जातो आणि साधारणपणे अर्ध्या तासाच्या आसपास गाढ झोपेत, म्हणजे मेंदूतील विद्युत्-लहरी मोठ्या व संथ होतात त्या अवस्थेत, उतरू लागतो. तेथून अर्धवट उठल्यास जी सुस्ती काही काळ रेंगाळते, तिला निद्राजडत्व म्हणता येईल. पोटभर जेवून, गजर न लावता तासभर ताणून द्यायची आणि खापर मात्र डुलकीच्या माथी फोडायचे, हा अजब न्याय झाला.

ऑस्ट्रेलियातील ब्रुक्स आणि लॅक या संशोधकांनी २००६ मध्ये, रात्री जेमतेम ५ तास झोपू दिलेल्या तरुणांवर ५, १०, २० आणि ३० मिनिटांच्या डुलक्या पडताळून पाहिल्या, तेव्हा १० मिनिटांच्या डुलकीने उठताक्षणीच तरतरी आली आणि तिचे काही परिणाम अडीच तासांपर्यंत टिकले, तर ३० मिनिटे झोपलेले आधी काही वेळ मंदच होते. सर्जनशीलतेबाबतचा पुरावा याहून बोलका आहे. पॅरिसमध्ये २०२१ साली झालेल्या प्रयोगात, एक छुपा नियम सापडल्यास झटकन सुटणारी गणिते देऊन सहभागींना विसावू दिले गेले; झोपेच्या पहिल्या टप्प्यात किमान १५ सेकंद घालवलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना तो नियम गवसला, जागे राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना, आणि त्याहून खोल झोपेत गेलेल्यांपैकी अवघ्या १४ टक्क्यांना.

आयुर्वेदाचा दाखला देणारे चरकसंहितेतील दिवास्वापाचा, म्हणजे दिवसाच्या झोपेचा, निषेध तेवढा सांगतात. उन्हाळ्यात, तसेच वृद्ध, बालक आणि थकलेल्यांना तीच संहिता दिवसा झोपण्याची मुभा देते, हे सोयीस्करपणे वगळले जाते.

दुपारची पेंग केवळ जेवणामुळे येते, हेही खरे नाही. शरीराच्या दैनिक घड्याळामुळे ती उपाशीपोटीही येते. डुलकीने रात्रीच्या झोपेची पूर्ण भरपाई होते, हा तर निव्वळ भ्रम. निद्रानाश असलेल्यांनी मात्र डुलकी टाळलेलीच बरी, आणि रात्री पुरेसे झोपूनही ज्यांना दिवसभर पेंग येते व झोपेत जोरात घोरण्याची सवय आहे, त्यांनी डॉक्टरांना दाखवावे.