रिचार्जचा हिशेब गटाच्या वहीत



बचत गटाची बैठक आटोपली, हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या की बायका जरा निवांत बोलतात. हल्ली त्या बोलण्यात एक विषय हटकून निघतो, तो म्हणजे मोबाईलचं रिचार्ज. कुणी म्हणतं, "नेट स्वस्त झालं म्हणतात, मग माझे पैसे कुठं जातात?" कुणी म्हणतं, "महिना भरायच्या आत पॅक संपतं." एखादी आजी म्हणते, "मला नुसतं बोलायचंय, मी नेटचे पैसे का भरू?" आणि शेवटी सगळ्याच म्हणतात, "आपलं कोण ऐकतं?" हे चारही प्रश्न रास्त आहेत. त्यातल्या काहींवर नियमसुद्धा बदललेत, पण ते आपल्यापर्यंत पोचत नाहीत. आज ते एकेक करून बघू.

आधी नेट येतं कुठून, ते समजून घेऊ. मी राहते मुंबईत, अंधेरीला. अंधेरीच्या पश्चिमेला समुद्राकाठी वर्सोवा आहे, जुना कोळीवाडा. तिथल्या किनाऱ्यावर समुद्राच्या तळावरून आलेल्या केबली जमिनीवर येतात. त्यांच्या आत केसासारखे बारीक काचेचे तंतू असतात आणि त्यांतून उजेडाच्या वेगानं माहिती धावते. परदेशांशी भारताचं इंटरनेट जोडणाऱ्या केबलींपैकी बऱ्याचशा मुंबईला, आणि त्यातही वर्सोव्याला लागतात. २००८ च्या जानेवारीत इजिप्तजवळ समुद्रात केबली तुटल्या, तेव्हा आपल्याकडचं नेट मंदावलं होतं. म्हणजे नेट आभाळातून पडत नाही, ते तारेनं येतं. टॉवरपासून आपल्या फोनपर्यंतचा शेवटचा टप्पा तेवढा हवेतून असतो.

आता ही तार कालव्यासारखी समजा. कालव्याच्या तोंडाशी पाणी भरपूर, टेलच्या शेताला उशिरा आणि कमी. अंधेरीत एका टॉवरखाली हजारो गिऱ्हाइकं असतात. डोंगरातल्या वाडीवर शंभर घरं असली, तरी टॉवर उभा करायचा आणि त्याला वीज पुरवायची, हा खर्च काही त्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणून कंपनी आधी अंधेरीत येते. इथल्या इमारतीत घरापर्यंत तार आणून देणारं ३९९ रुपयांचं कनेक्शन मिळतं, कर धरून ४७१ रुपये. त्यावर घरातली पाच माणसं महिनाभर नेट वापरतात. फोनचं रिचार्ज त्यांना वेगळं करावं लागतं, पण ते लहान घेतलं तरी भागतं. जिथं घरापर्यंत तार नाही, तिथं प्रत्येक फोनला नेटचं वेगळं पॅक लागतं. रेंज धरायला बांधावर जावं लागतं, पण पॅकचे पैसे अंधेरीएवढेच.

आता पहिला प्रश्न: नेट स्वस्त झालं की महाग? दोन्ही खरं आहे. सरकारी आकड्यांप्रमाणे २०१४ मध्ये एक जीबी सरासरी २६९ रुपयांच्या आसपास पडत होता. दहा वर्षांच्या आत तो दहा रुपयांच्या आसपास आला. पण सुटा एक जीबी कुठं मिळतो? किलोचा भाव उतरला, मात्र दुकानदार पोत्याखाली देत नाही, तशी गत आहे. जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी दर वाढवले. रोज दीड जीबी देणारं जिओचं २८ दिवसांचं पॅक २३९ वरून २९९ रुपयांवर गेलं. या २९९ मध्ये १८ टक्के जीएसटी धरलेला आहे, म्हणजे सुमारे ४६ रुपये कराचे. आपण आयकर भरत नसलो तरी प्रत्येक रिचार्जला सरकारला कर देतो. सरकारला विचारायचा हक्क आहे तो त्यामुळेही.

दुसरा प्रश्न २८ दिवसांचा. २८ दिवसांचं पॅक वर्षात १२ नाही, १३ वेळा मारावं लागतं. २९९ रुपये १३ वेळा म्हणजे ३,८८७ रुपये. पगार, पेन्शन, वीजबिल सगळं महिन्याचं. हेच का २८ दिवसांचं? अशा तक्रारी आल्यावर जानेवारी २०२२ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, आदेश काढला. प्रत्येक कंपनीनं निदान एक पॅक पुऱ्या ३० दिवसांचं आणि निदान एक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारं ठेवायलाच हवं. दुकानदार आपणहून ते सांगेलच असं नाही. "३० दिवसांचं दाखवा" असं आपण म्हणायचं. त्याचा भाव २८ दिवसांच्या पॅकशी ताडून बघायचा आणि मग ठरवायचं.

तिसरा प्रश्न आजींचा. तो समजायला थोडं मागं जाऊ. मोबाईल नवे होते तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. १ मे २००३ पासून नियम बदलला, कॉल लावणाऱ्यानंच पैसे द्यायचे ठरलं आणि इन्कमिंग फुकट झालं. गावोगावी फोन पसरला त्यात या नियमाचा मोठा वाटा आहे. पुढं २०१८ च्या शेवटी कंपन्यांनी सेवा चालू ठेवायला ठरावीक रिचार्ज सक्तीचं करायला सुरुवात केली, तेव्हा ते ३५ रुपयांचं होतं. आज रिचार्ज संपलं की काही दिवसांनी इन्कमिंगही थांबतं. मग बँकेचा ओटीपी येत नाही, गॅसचा मेसेज येत नाही, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी अडते. सगळ्या योजना मोबाईल नंबरला जोडल्यामुळे रिचार्ज ही आता मिठासारखी गरज झाली आहे.

यावरही ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला. नेट नको असेल तिच्यासाठी फक्त कॉल आणि मेसेजचं वेगळं पॅक प्रत्येक कंपनीनं द्यायचं आणि अशा पॅकची मुदत वर्षभराचीही ठेवता येईल. २०२५ च्या सुरुवातीला अशी पॅकं आली. जिओचं ८४ दिवसांचं ४४८ रुपयांना, एअरटेलचं ८४ दिवसांचं ४६९ ला आणि ३६५ दिवसांचं १,८४९ ला. भाव पुढंमागं होतात, म्हणून घेताना आजचा भाव विचारा. यात ओटीपीचे मेसेज येतात, नेट मात्र चालत नाही.

आता वहीत मांडून बघू. त्याच कंपनीचं २८ दिवसांचं लहान पॅक त्या वेळी १९९ रुपयांना होतं. ते १३ वेळा मारलं तर २,५८७ रुपये. वर्षाचं बोलण्यापुरतं पॅक १,८४९. वाचले ७३८ रुपये. पण १,८४९ रुपये एकरकमी कुठून आणायचे? गरिबाला सुटं घ्यावं लागतं आणि सुटं महाग पडतं, हे आपण तेला-साखरेत रोज बघतो. इथं गट कामाला येतो. गटातून तेवढं अंतर्गत कर्ज घेतलं आणि दरमहा सुमारे १५४ रुपये मुद्दल फेडलं, तर महिना शेकडा दोन व्याजानं वर्षाचं व्याज २४० रुपयांच्या आसपास होतं. ते वजा जाऊनही पाचशेच्या जवळ रुपये वाचतात, आणि व्याज गटातच राहतं.

चौथा प्रश्न: आपलं कोण ऐकतं? आपल्याकडे पॅकचे भाव कंपन्या ठरवतात. त्या भावांनी कोणते नियम पाळायचे, हे ट्राय ठरवतं. नियम करण्याआधी ट्राय प्रश्नांचा कागद जाहीर करतं आणि कुणाकडूनही मतं मागवतं. २०१५ च्या शेवटी असाच कागद निघाला होता. फेसबुक तेव्हा फ्री बेसिक्स नावाची सेवा आणत होतं. काही ठरावीक वेबसाइट फुकट, बाकीच्यांना पैसे. गावाला पाणी फुकट, पण एकाच मालकाच्या आडाचं, असा तो प्रकार होता. लाखो लोकांनी मतं पाठवली. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं निर्णय दिला की कुठली वेबसाइट बघता यावर नेटचा वेगवेगळा भाव लावता येणार नाही. यात एक धडा आहे. फेसबुकनं दिलेल्या साच्यातली असंख्य पत्रं ट्रायकडे आली होती, पण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच त्यात नाहीत, असं ट्रायनं म्हटलं. म्हणजे नुसत्या सह्यांच्या गठ्ठ्यानं भागत नाही. आपला अनुभव, आपले आकडे, आपल्या शब्दांत लिहावे लागतात. ते आपल्या वहीत आहेतच.

गावाच्या हक्काचा पैसाही आहे. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातला ठरावीक हिस्सा दुर्गम भागाला सेवा देण्यासाठी राखून ठेवतात. २००२ पासून असलेल्या या निधीला आता डिजिटल भारत निधी म्हणतात. भारतनेट योजनेतून ग्रामपंचायतीपर्यंत तार टाकायचा खर्च त्यातूनच होतो. तुमच्या पंचायतीत ती तार आली का? आली असेल तर चालू आहे का? शाळेला, अंगणवाडीला, उपकेंद्राला जोडली का? ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, हे प्रश्न तिथं मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. तार चालू असेल तर पुढची वाट आहे पीएम-वाणीची. २०२० मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत किराणा दुकान किंवा गटाचं केंद्रही वायफाय लावून लहान रकमेची नेटची पॅकं विकू शकतं, त्यासाठी परवाना लागत नाही.

तर पुढच्या बैठकीत एवढं करा. वहीत एक पान रिचार्जचं घाला. प्रत्येकीच्या घरात फोन किती, पॅक कितीचं, किती दिवसांचं, रेंज किती वेळ असते आणि फोन तिच्या हातात किती वेळ असतो, हे लिहा. रेंज नसेल तर १९८ या फुकट नंबरवर तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक त्याच पानावर टिपा. तीन महिन्यांत ते पान तुमच्या गावाचं मत होईल, आकड्यांसकट. ग्रामसभेत, तहसीलदारांपुढं, खासदारांपुढं आणि दिल्लीला ट्रायकडे तेच पान ठेवता येईल. बाकी सगळे आपापला हिशेब मांडून बोलतात. आपणही मांडूनच बोलू.