सैनिक संसदेत शिरले, त्या रात्रीची गोष्ट

‘देशात एकदा मिलिटरी राज आणा, सगळे सुतासारखे सरळ होतील!’ कॉलेजच्या कट्ट्यावर हे वाक्य तुम्ही ऐकलंय ना? कदाचित म्हटलंही असेल. ज्या देशाच्या मालिका तुम्ही रात्र रात्र जागून पाहता, त्या देशाने ते राज खरंच भोगलंय. आणि मोठी किंमत मोजून लष्कराला बराकीत परत पाठवलंय.

३ डिसेंबर २०२४. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सेऊलमध्ये, रात्रीचे साधारण साडेदहा वाजलेले. अध्यक्ष युन सुक-योल अचानक टीव्हीवर आले आणि त्यांनी देशात मार्शल लॉ पुकारला. लगोलग लष्कराचा फतवा निघाला. राजकीय हालचाली बंद, सभा-मोर्चे बंद, वर्तमानपत्रं-चॅनेल लष्कराच्या ताब्यात. थोड्याच वेळात संसदेच्या आवारात हेलिकॉप्टर उतरली. त्यातून शस्त्रधारी कमांडो बाहेर पडले.

आता त्याच वेळी दुसरीकडे काय चाललं होतं, बघा. हजारो माणसं संसदेकडे धावली. पोलिसांनी फाटकं अडवली, तर खासदार भिंतीवरून आत उतरले. सभापती वू वन-शिक यांचं वय ६७. तेही कुंपण चढून आत गेले. कमांडोंनी खिडक्यांच्या काचा फोडल्या, तेव्हा आतल्या कर्मचाऱ्यांनी टेबलं-खुर्च्या दाराला लावून वाट अडवली. रात्री एकच्या सुमारास मतदान झालं. ३०० पैकी १९० खासदार सभागृहात पोहोचू शकले होते. मार्शल लॉ उठवा, या ठरावाच्या बाजूने १९० मतं पडली. विरोधात शून्य. पहाटे साडेचारच्या सुमारास मार्शल लॉ मागे घेतला गेला. सगळा खेळ सहा तासांचा.

पण बंदुका तर सैनिकांकडे होत्या. मग गोळी का सुटली नाही?

याचं उत्तर त्या एका रात्रीत सापडत नाही. त्यासाठी चाळीस-साठ वर्षं मागे जावं लागतं.

‘सरळ’ झालेला देश

१९६० मध्ये कोरियातल्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उतरून सिंगमन री यांची राजवट उलथवली. जेमतेम वर्षभर लोकशाही नांदली. १६ मे १९६१ रोजी मेजर जनरल पार्क चुंग-ही यांनी सत्ता बळकावली. बहाणा तोच, देशाला शिस्त लावायची.

शिस्त लागलीही म्हणा. कारखाने उभे राहिले, महामार्ग झाले, निर्यात वाढली. ते नाकारायचं कारण नाही. पण त्याच राजवटीत पोलीस रस्त्यावर पट्टी घेऊन मुलींच्या स्कर्टची लांबी मोजत आणि मुलांचे वाढलेले केस कापत. १९७२ मध्ये पार्क यांनी राज्यघटनाच अशी बदलून घेतली, की तहहयात अध्यक्ष राहता यावं. विरोधात बोलणाऱ्याला तुरुंग आणि छळ. कट्ट्यावर बसून ‘मिलिटरी आणा’ म्हणणाऱ्याने एवढं लक्षात घ्यावं, की पहिला बंद होतो तो कट्टाच.

ऑक्टोबर १९७९ मध्ये पार्क यांची त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने हत्या केली. लोकांना वाटलं, सुटलो. पण लष्करात ‘हानाह्वे’ नावाचं एक गुप्त मंडळ होतं. लष्करी अकादमीच्या एका बॅचच्या दोस्तांनी सुरू केलेलं. बढत्या आणि मोक्याच्या जागा आपल्याच माणसांना मिळतील, याची हे मंडळ काळजी घ्यायचं. त्याचे म्होरके जनरल चुन दू-ह्वान यांनी १२ डिसेंबर १९७९च्या रात्री खुद्द लष्करप्रमुखांनाच अटक केली. त्यांचे मित्र रो ते-वू यांनी तर उत्तर कोरियाच्या बाजूची आघाडी सांभाळणारी तुकडी सेऊलकडे वळवली. सीमा राखायची सोडून राजधानी काबीज करायला! ‘१२.१२: द डे’ या सिनेमात हीच रात्र आहे.

मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरातल्या चोन्नाम विद्यापीठाच्या फाटकावर विद्यार्थी आणि सैनिक समोरासमोर आले. पुढच्या दहा दिवसांत सैन्याने आपल्याच लोकांवर गोळ्या चालवल्या. किती मेले, यावर आजही वाद आहे. तुमच्याच वयाची मुलं त्यात होती. नोबेल मिळालेल्या लेखिका हान कांग याच शहरात जन्मल्या. ‘ह्युमन ॲक्ट्स’ ही त्यांची कादंबरी ग्वांगजूवरच आहे.

मग लष्कर मागे कसं गेलं?

एका फटक्यात नाही गेलं. १९८७ मध्ये पोलिसांच्या छळात एक विद्यार्थी मेला. दुसऱ्याच्या डोक्यात अश्रुधुराचं नळकांडं बसलं. लाखो लोक रस्त्यावर आले. त्यातून अध्यक्षाची थेट निवडणूक आणि नवी राज्यघटना मिळाली. सैन्य राजकारणात तटस्थ राहील, असं त्या घटनेत लिहिलंय. मार्शल लॉ उठवा, असं संसदेने बहुमताने सांगितलं तर अध्यक्षाला ते ऐकावंच लागेल, हेही. २०२४च्या रात्री खासदार भिंती चढले, ते या कलमासाठी. १५१ मतं जमवायची होती.

पण कागदावरच्या कलमाने जनरल घाबरत नसतात. १९८७ची निवडणूक तर विरोधकांच्या फाटाफुटीमुळे त्याच रो ते-वू यांनी जिंकली! खरा घाव बसला १९९३ मध्ये. तीस वर्षांनी लष्कराबाहेरचा माणूस, किम यंग-साम, अध्यक्ष झाला. शपथ घेतल्यावर अवघ्या अकराव्या दिवशी त्यांनी लष्करप्रमुख आणि लष्करी गुप्तचर खात्याचा प्रमुख, दोघांना घरी पाठवलं. दोघेही हानाह्वेचे. पुढच्या महिन्यात या मंडळाच्या सदस्यांची यादीच कुणीतरी लष्करी वसाहतीत पत्रकं टाकून फोडली. मग एकेक करून बाकीचेही बाजूला केले गेले. कुणाला सावरायला वेळच मिळाला नाही.

आता उरला खटला. १९९५ मध्ये सरकारी वकिलांनी हात वर केले. यशस्वी झालेल्या बंडाला शिक्षा करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे हरलात तर गुन्हेगार, जिंकलात तर राष्ट्राध्यक्ष! लोक खवळले. खास कायदा झाला. १९९६ मध्ये चुन यांना फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि अपिलात ती जन्मठेपेवर आली. रो यांनाही तुरुंगवास झाला. दोन माजी अध्यक्ष कैद्याच्या कपड्यांत कोर्टात शेजारी शेजारी उभे असलेले देशाने पाहिले.

१९९७च्या डिसेंबरमध्ये दोघांनाही माफी मिळाली. ती द्यायला हवी होती का? ग्वांगजूत आपलं मूल गमावलेल्या आईला विचारा. चुन २०२१ मध्ये वारले, ग्वांगजूची माफी न मागताच.

तरीही २०२४ घडलंच

या वेळी धोका जनरलांकडून आला नाही. निवडून आलेल्या अध्यक्षानेच सैन्य बोलावलं. त्यांचे संरक्षणमंत्री आणि लष्करी गुप्तचर खात्याचे प्रमुख, दोघेही अध्यक्षांच्याच शाळेचे माजी विद्यार्थी. जुनं मंडळ मोडलं, तरी नवी दोस्ती जमायला वेळ लागत नाही, हा धडा इथे घ्यायचा.

पण फरक दिसला तो खालच्या पातळीवर. कोरियात मुलांना सक्तीने सैन्यात जावं लागतं. बीटीएसचे आरएम, व्ही, जिमिन आणि जंगकुक त्या रात्री गणवेशातच होते. म्हणजे सैन्य म्हणजे कुणी परकी जमात नाही, घराघरातली पोरं. आणि ही पोरं ग्वांगजूची गोष्ट ऐकत मोठी झालेली. मागून येणाऱ्या तुकडीला पूल ओलांडू नका, असं सांगितल्याची साक्ष एका कर्नलने नंतर दिली. एप्रिल २०२५ मध्ये घटना न्यायालयाने एकमताने युन यांना पदावरून काढलं. नागरिकांनी केलेला विरोध आणि हुकूम बजावण्यात सैनिक-पोलिसांनी दाखवलेला ढिलेपणा, यामुळेच संसदेला वेळीच ठराव करता आला, याची नोंद न्यायालयानेही घेतली.

मधल्या काळात सेऊलच्या कडाक्याच्या थंडीत तुमच्या वयाच्या मुली आपल्या लाडक्या बॅण्डच्या लाइटस्टिक घेऊन मोर्च्यात उभ्या होत्या. कॉन्सर्टला न्यायची ती वस्तू. १० डिसेंबरला, मार्शल लॉनंतर बरोबर आठवड्याने, हान कांग यांनी स्टॉकहोममध्ये नोबेल स्वीकारलं.

तेव्हा पुढच्या वेळी कट्ट्यावर कुणी म्हणालं, ‘मिलिटरी आणा,’ तर भांडू नका. चहा मागवा आणि विचारा, ‘आणणं सोपं आहे रे, पण परत कशी पाठवणार?’ कोरियाला त्यासाठी १९६१ ते १९९३, तब्बल बत्तीस वर्षं लागली. आणि एवढं करूनही, एका रात्री भिंत चढावीच लागली.