बहुवारिकांची संरचना व कोल्हापुरी चामडे

बहुवारिके : एकाच किंवा मोजक्या प्रकारचे लहान रेणू (एकवारिके) साखळीसारखे जोडले जाऊन बनणाऱ्या प्रचंड रेणूंना बहुवारिके म्हणतात. पॉलिएथिलीन, रबर, सेल्युलोज व प्रथिने ही त्यांची परिचित उदाहरणे होत. साखळीतील घटकांबरोबरच साखळीची लांबी, शाखा, साखळ्यांची मांडणी आणि त्यांच्यातील तिर्यक् बंध (दोन साखळ्यांना आडवे जोडणारे बंध) यांवर बहुवारिकाचे गुणधर्म अवलंबून असतात. पुष्कळ शाखा असलेले पॉलिएथिलीन मऊ असते व त्याच्या पातळ पिशव्या होतात; जवळजवळ शाखाहीन पॉलिएथिलिनाच्या साखळ्या दाटीने रचल्या गेल्याने ते कठीण होते व त्याच्या बादल्या करता येतात. चार्ल्‌स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापविले, तेव्हा गंधकाचे तिर्यक् बंध निर्माण होऊन चिकट रबर टिकाऊ व लवचिक झाले. कोल्हापूरच्या चर्मोद्योगात परंपरेने होत आलेली कातड्याची कमावणी याच तत्त्वावर आधारलेली आहे.

कच्चे कातडे : कातड्यातील मुख्य प्रथिन कोलॅजेन होय. त्याच्या प्रत्येक साखळीत सु. एक हजार ॲमिनो अम्ले असून बहुतेक सर्वत्र दर तिसरे ॲमिनो अम्ल ग्लायसीन असते. ग्लायसिनाचा रेणू सर्वांत लहान असल्यामुळे तीन साखळ्या परस्परांभोवती घट्ट पिळल्या जाऊन तिपेडी दोरासारखी रचना होते. मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कार्था यांनी ही रचना १९५४-५५ मध्ये मांडली. असे असंख्य दोर एकत्र येऊन तंतू व तंतूंचे जाळे बनते. कातड्याचा चिवटपणा या जाळ्यात असतो. मात्र कच्चे कातडे ओले राहिल्यास जंतूंमुळे कुजते, वाळल्यास तंतू परस्परांना चिकटून ते ताठ होते आणि सु. ६५° से. तापमानाच्या पाण्यात पीळ सुटून ते आक्रसते. अधिक उकळल्यास त्याचे जिलेटीन होते. साखळीतील ॲमिनो अम्ले तीच राहतात, परंतु मांडणी मोडताच दोराचे बल नाहीसे होते.

वनस्पतिज कमावणी : प्रथम कातडे चुन्यात भिजवून केस काढतात, त्यामुळे तंतूंचे जाळेही मोकळे होते. नंतर बाभळीची साल व हिरडा यांच्या अर्काने ते कमावतात. पारंपरिक पद्धतीत कातडे पिशवीसारखे शिवून त्यात साल व अर्क भरतात आणि ते टांगून ठेवतात; अर्क कातड्यातून हळूहळू झिरपतो. त्यातील टॅनिनांच्या मोठ्या रेणूंवर अनेक हायड्रॉक्सिल गट असतात. त्यांचे कोलॅजेनाशी पुष्कळ हायड्रोजन बंध होतात. एकेक बंध दुबळा असला, तरी बंधांची संख्या मोठी असल्याने तंतू बांधले जातात व त्यांमधील पोकळ्याही भरतात. त्यामुळे चामडे सहसा कुजत नाही, भरीव होते व आक्रसण्याचे तापमान सु. ७५–८५° से. पर्यंत वाढते. तळासाठी म्हशीचे जाड चामडे वापरतात. पाठीकडील भागात तंतूंची वीण दाट, तर पोटाकडील भागात ती सैल असते. म्हणून तळाला पाठीकडचा भाग अधिक योग्य ठरतो. वेण्यांसाठी शेळीचे पातळ चामडे सोयीचे असते.

वापरातील गुणधर्म : नवी चप्पल पायाला टोचते, पुढे घामाच्या ओलाव्याने काही हायड्रोजन बंध सुटतात, वाळताना नव्या जागी जुळतात आणि चप्पल पायाचा आकार घेते. चामड्यास दिलेले तेल तंतूंमध्ये वंगणाचे काम करते. मात्र चप्पल पावसात फार भिजल्यास न बांधले गेलेले टॅनीन धुपून जाते व तेलही कमी होते. अशी चप्पल झपाट्याने वाळविली, तर ती कडक होऊन तडकते. म्हणून ती सावलीत वाळवून तेल लावणे इष्ट असते.

इतर पर्याय : ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ मध्ये क्रोम कमावणीचे एकस्व घेतले. तीत क्रोमियमाचे संयुग कोलॅजेनाच्या कार्बॉक्सिल गटांशी बळकट बंधांनी जोडले जाते. हे चामडे मऊ असते व सामान्यतः उकळत्या पाण्यातही टिकते. कामही थोड्या दिवसांत उरकते. परंतु त्यात टॅनिनाची भर नसल्याने तळाला लागणारा भरीवपणा कमी पडतो. रेक्झिनावरील पॉलिव्हिनिल क्लोराइडाच्या थरात नम्यताकारक (साखळ्यांमध्ये शिरून त्यांना सरकू देणारे द्रव्य) मिसळल्याने मऊपणा येतो. नम्यताकारकाविना त्याच बहुवारिकाचे ताठ नळ होतात. रेक्झिनास चामड्याचा रंग व पोत देता येतो, परंतु ओलावा शोषून बाहेर टाकणारे तंतूंचे जाळे त्यात नसते.

कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या जिल्ह्यांचा समावेश आहे. चपलेचा घाट व वेणी यांचे अनुकरण कोठेही होऊ शकते. तिचे टिकणे व पायाला बसणे मात्र बाभळीच्या सालीने संथपणे घडविलेल्या रेणूंच्या बांधणीतून येते. ती कमावणी टाळल्यास आकार तोच राहूनही वस्तू वेगळी होते.