टोरंटोचे ‘सिककिड्स’: सहा खाटांपासून जनुकशोधापर्यंत

कॅनडातील टोरंटो विद्यापीठाशी संलग्न असलेले ‘हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रन’, म्हणजेच ‘सिककिड्स’, १८७५ साली एलिझाबेथ मॅकमास्टर यांच्या पुढाकाराने अकरा खोल्यांच्या भाड्याच्या घरात, अवघ्या सहा लोखंडी खाटांवर सुरू झाले. हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची जन्मतःच अदलाबदल झालेल्या बालकांसाठी विल्यम मस्टर्ड यांनी १९६३ मध्ये येथेच नवी शस्त्रक्रिया केली, तर फुप्फुसांत चिकट स्राव साठवणाऱ्या ‘सिस्टिक फायब्रोसिस’ या आनुवंशिक विकाराचे जनुक १९८९ मध्ये लाप-ची त्सुई व सहकाऱ्यांनी शोधले. नवजात अतिदक्षता, कर्करोगोपचार व अवयव-प्रत्यारोपण या सेवांना अध्यापन आणि संशोधनाची जोड मिळाल्याने, खाटेवरील मुलाचे दुखणे पुढच्या पिढीच्या उपचारांची वाट उजळते, हेच या संस्थेचे खरे मोठेपण होय.