कशावरून लिहिलंत?

एएनआय ही वृत्तसंस्था विरुद्ध विकिपीडिया या दोन कोटींच्या मानहानीच्या दाव्याची चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरली: लिहिणारे कोण? दिल्ली उच्च न्यायालयाने तीन संपादकांची माहिती मागितली, पुढे विकिपीडियावरचं या खटल्याचं पानच काढायला लावलं. पान काढण्याचा तो आदेश ९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी रद्द केला. नावं कळली तर वकिलांची सोय होईल. वाचकाने विचारायचं ते वेगळंच: हे कशावरून लिहिलंत?

दावा संस्थेचा होता. हयात माणसाच्या चरित्रनोंदीत हा प्रश्न आणखी बोचतो. २००५ मध्ये अमेरिकी पत्रकार जॉन सीगेनथॅलर यांच्या पानावर कुणीतरी गंमत म्हणून लिहिलं, की केनेडी बंधूंच्या हत्यांत यांचाही हात असल्याचा संशय होता. चार महिने ते वाक्य तसंच राहिलं. त्या बोभाट्यानंतर विकिपीडियाने हयात व्यक्तींसाठी वेगळी नियमावली केली: वादग्रस्त वाक्याला भक्कम आधार नसेल, तर चर्चेची वाट न पाहता ते काढायचं. सप्टेंबर २०२२ मध्ये झेल सुटल्यावर क्रिकेटपटू अर्शदीप सिंगच्या पानात कुणीतरी खलिस्तान घुसवलं, ते काही मिनिटांत निघालं. केंद्र सरकारने खुलासा मागितला, तोवर पान पूर्ववत झालं होतं.

थापेबाजाला पकडणं सोपं. खरी पंचाईत होते ती आधारच पोकळ निघाला तर. भोपाळच्या अवधपुरीत बसून हे लिहिताना उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. २२ एप्रिल २०२१ च्या रात्री इंदूरच्या सुमित्रा महाजन गेल्याची बातमी पसरली. चिपळूणची ही लेक इंदूरमधून आठ वेळा खासदार झाली, लोकसभेची अध्यक्ष झाली. शशी थरूर यांनी श्रद्धांजलीही वाहून टाकली. भाजपचे कैलाश विजयवर्गीय यांनी सुमित्राताई ठणठणीत असल्याचं सांगितलं, तेव्हा थरूर यांनी मजकूर मागे घेतला. इंदूरच्या प्रशासनाला न विचारता वाहिन्यांनी बातमी दिलीच कशी, हा ताईंचा सवाल कोणत्याही संपादकाने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. बातमी अनेकांनी दिली. इंदूरला विचारायची तसदी कुणी घेतली नाही.

हीच गोष्ट स्तुतीची. महाराष्ट्रातल्या २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं, की एका नेत्याचं गुणगान करणारा एकच मजकूर तीन मराठी दैनिकांत जवळजवळ शब्दशः छापून आला होता. नोंद लिहिणाऱ्याने तिन्ही कात्रणं जोडली असती, तरी आधार एकच ठरला असता, तोही संशयास्पद. म्हणून कात्रणं मोजण्याआधी त्यांचं मूळ शोधावं.

आपल्याकडे अमृतमहोत्सवाचे गौरवग्रंथ आणि मंडळांच्या स्मरणिका भरपूर. जन्मगाव, शिक्षण, नोकरीची वर्षं यांसाठी त्या खुशाल वापराव्यात. पण ‘शिक्षणमहर्षी’, ‘लोकनेते’ ही विशेषणं तिथेच ठेवावीत. एखाद्याने काय उभं केलं हे सांगितलं, की महर्षी म्हणायची गरज उरत नाही. तटस्थपणा म्हणजे निम्मी स्तुती, निम्मी निंदा असा हिशेबही नाही. विश्वासार्ह लेखनात ज्या गोष्टीला जेवढी जागा मिळाली, तेवढीच नोंदीत द्यायची. आरोप लिहिला, तर त्याचा निकालही लिहायचा.

ज्याचं चरित्र, त्याचा शब्द तरी अखेरचा मानावा का? अमेरिकी कादंबरीकार फिलिप रॉथ यांनी स्वतःच्या कादंबरीच्या प्रेरणेबद्दल दुरुस्ती मागितली, तेव्हा विकिपीडियाने बाहेरचा आधार मागितला. २०१२ मध्ये त्यांनी ‘न्यू यॉर्कर’मध्ये खुलं पत्र छापलं, मग दुरुस्ती झाली. हे हास्यास्पद वाटतं, पण मला ही अट पटते. नाहीतर प्रत्येक पुढारी स्वतःचं चरित्र स्वतःच तपासून देईल.

तेव्हा आपल्या ओळखीच्या माणसाबद्दल चुकीचं काही वाचलंत, तर पोलिसांकडे किंवा कोर्टात धावण्याआधी वाक्याखालची तळटीप उघडा. ती नसेल किंवा पोकळ असेल, तर पानाच्या चर्चेत तसं स्पष्ट लिहा आणि खरा आधार जोडा. ते वाक्य काढायला तेवढं कारण पुरेसं आहे.