बोटीमागे चार दोर आणि गोंड्याचा धंदा

कापडवाल्याने मासेमारीवर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. पण सुरमईला फसवणारी जिग पहिल्यांदा हातात आली तेव्हा आम्हाला हसूच आले. पुढे शिशाचे डोके, मागे गोंडा आणि गोंड्यात लपवलेला गळ. साडीच्या पदराचे गोंडे आम्ही वर्षानुवर्षे विकत आलो आहोत. हा त्यांचाच भाऊबंद निघाला.

आमच्या भाच्याची रत्नागिरीला फायबरची लहान बोट आहे. हौशी गिऱ्हाइकांना तो सुरमईसाठी समुद्रात नेतो. चालत्या बोटीमागे दोर सोडून मासा धरायचा, याला ट्रोलिंग म्हणतात. जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरशी याचा संबंध नाही, नावामुळे घोटाळा होतो इतकेच. गेल्या ऑक्टोबरात एका फेरीला आम्ही बरोबर गेलो. चार गिऱ्हाइके, चार रॉड. तासाभरात एका रॉडला सुरमई लागली. भाच्याने घाईघाईने बोट वळवली आणि चारही दोर एकमेकांत गेले. सुरमई सुटली, दोन दोर कापून टाकावे लागले, पाऊण तास गुंता सोडवण्यात गेला. गिऱ्हाइकांनी ठरल्या रकमेतून पैसे कापले ते वेगळेच.

परतताना भाचा म्हणाला, "मामू, उद्यापासून दोनच रॉड लावणार."

आम्ही म्हटले, "अरे, मागावर हजारो धागे चालतात. गुंता झाला म्हणून कारीगर दोन धाग्यांवर येतो का? तुझा क्रम चुकतोय."

क्रम कुठे चुकला ते बंदरावरच्या एका म्हाताऱ्या तांडेलाने सांगितले. चारही दोर सारख्या अंतरावर सोडायचेच नाहीत. मधले दोन जवळ, समजा १२ आणि १८ मीटरवर. बाजूचे दोन लांब, ३० आणि ४० मीटरवर. जड आणि खोल चालणारी जिग जवळच्या दोरांना, हलकी आणि पाण्याच्या वरच्या थरात चालणारी लांबच्या दोरांना. जवळच्या रॉडची टोके खाली ठेवायची. लांबचे रॉड उंच आणि बोटीच्या दोन्ही बाजूंना बाहेर काढलेले, म्हणजे त्यांचे दोर जवळच्या दोरांच्या वरून जातात. सोडताना आधी लांबचे, मग जवळचे. गुंडाळताना उलट. अंतर डोळ्यांनी मापायला गेले तर चुकते. त्यासाठी आम्ही दोराला ठरावीक मापावर रंगीत रेशमाची खूण बांधून दिली. हे काम आमच्या हातचे होते.

वळण मात्र बोट चालवणाऱ्याच्या हातात. बोट झटकन वळली की आतल्या बाजूचे दोर सैल पडतात, जड जिग खाली बसते आणि बाहेरच्या बाजूचे दोर त्यावरून आडवे येतात. मोठा वळसा घेतला तर सगळे दोर ताणलेले राहतात. मासा लागल्याबरोबर बोट थांबवणे हीसुद्धा चूकच. थोडा वेळ तशीच चालू ठेवावी. सुरमई थव्याने असली तर दुसऱ्या रॉडलाही लागते. मग मासा ज्या बाजूला आहे तिकडचे दोर आधी गुंडाळून घ्यावेत.

रिळाचा ब्रेक, म्हणजे ड्रॅग, दोराच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाईवर ठेवावा. ३० पौंडी दोर असेल तर ८ ते १० पौंड. हा अंदाज बोटाने घेऊ नये, ताणकाट्याने मोजावा. जिगसाठी बोटीचा वेग ताशी ५ ते ७ सागरी मैल पुरतो. रॉडचे टोक एका तालात थरथरत असेल तर जिग नीट चालते आहे. थरथर थांबली की बहुधा गळाला प्लॅस्टिकची पिशवी लागलेली असते. आजकाल सुरमईपेक्षा पिशव्याच जास्त लागतात, असे भाचा म्हणतो.

आता जिगच्या बांधणीकडे. दोर डोक्याच्या भोकातून ओवायचा, पुढे एकदोन मणी आणि मग गळ. मणी अशासाठी की गळ गोंड्याच्या शेपटीजवळच राहावा. सुरमई मागून येऊन शेपटी तोडते. गळ पुढे असला तर तिच्या तोंडात नुसते धागे जातात. तिचे दात तंगूस सहज कापतात, म्हणून गळाजवळचा हातभर दोर तारेचा हवा. कुप्यासाठी मात्र तार नको, त्याची नजर तेज असते. तार आणि मुख्य दोर यांच्यामध्ये फिरती कडी लागते, नाहीतर जिग फिरून फिरून दोराला पीळ बसतो. या कडीत आम्ही एकदा स्वस्ताई केली. मुंबईच्या एका दुकानातून घेतलेली अख्खी थैली दोन फेऱ्यांत गंजून आखडली. कडी छर्ऱ्यांचीच घ्यावी, महाग पडली तरी.

गोंड्यात तर चूक आमचीच. पहिला डझन सुती धाग्याचा बांधला. सूत पाणी पिऊन गळाला चिकटले, जिग मेल्यासारखी ओढली जायची. नायलॉनचा धागा मोकळा राहतो, पाण्यात श्वास घेतल्यासारखा उघडतो-मिटतो. त्यात प्लॅस्टिक जरीच्या चारसहा तारा मिसळल्या की चमक येते. गोंडे बांधणाऱ्या कारीगरांना हे काम नवे नाही. फक्त गाठ अधिक पक्की आणि वर गोंदाचा हात. शिसे ओतायचे काम मात्र उघड्यावर, मुलांना दूर ठेवून करावे. त्याचा धूर वाईट.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. लग्नसराई सरल्याने आमच्याकडे गोंड्याला गिऱ्हाईकही त्याच दिवसांत कमी. गेल्या बंदीत दुकानामागच्या खोलीत तिघा कारीगरांनी नऊ डझन जिग बांधल्या. पाच डझन भाच्याने नेल्या, चार डझन बंदरावरच्या सामानवाल्याने रोखीने उचलल्या. पुढच्या खेपेला त्याला हिरव्या-पिवळ्या रंगात हव्या आहेत.