पट्ट्याचं दुसरं टोक

रत्नागिरीत मोटारशर्यतीचा ट्रॅक नाही. इथल्या हौशी पोरांना ट्रॅक बघायचा तर आंबा घाट चढून कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग ट्रॅकवर जावं लागतं, आणि रॅलीचं वेड लागलं तर पुणे-नाशिक गाठावं लागतं. पुण्याचे संजय टकले आशिया-पॅसिफिक रॅलीपासून 2025 च्या डकार क्लासिकपर्यंत गेले, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कितीतरी तरुणांना हे स्वप्न आवाक्यातलं वाटू लागलं आहे.

सुरुवात बहुतेकांची गो-कार्टपासून होते. स्पर्धेच्या कार्टला पट्टा नसतोच. डोक्यावर नळ्यांचा संरक्षक पिंजरा (रोल केज) नाही, त्यामुळे कार्ट उलटली तर चालक तिच्याखाली अडकण्यापेक्षा बाहेर फेकला गेलेला बरा, असा त्यामागचा विचार. पुढे तोच मुलगा जुनी जिप्सी किंवा एस्टीम घेतो आणि पहिली खरेदी करतो ती लालभडक रेसिंग हार्नेसची, म्हणजे खांदे आणि कंबर जखडणाऱ्या शर्यतीच्या पट्ट्याची. पट्टा आला, म्हणजे सुरक्षितता आली असं त्याला वाटतं. पण त्या पट्ट्याचं दुसरं टोक कशात अडकवलं आहे, हे फार थोडे जण बघतात.

एक हिशेब करून पाहा. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर 70 किलोच्या माणसाला अडवायला जवळजवळ 1400 किलो वजनाइतका जोर लागतो. तो सगळा जोर पट्ट्यातून बोल्टवर आणि बोल्टवरून पत्र्यावर जातो. एफआयए या जागतिक संस्थेच्या नियमानुसार खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्याची प्रत्येक जोडजागा सुमारे दीड टन ओढ सहन करणारी हवी. मांड्यांमधून येणाऱ्या पट्ट्यांसाठी याच्या निम्मी. म्हणूनच नवं भोक पाडाल तिथे किमान 3 मिलिमीटर जाडीची, 40 चौरस सेंटिमीटरची पोलादी पट्टी लावायची असते. नुसता वॉशर लावून भागत नाही. धक्क्यात तो पत्रा फाडून बोल्टसकट वर येतो.

कोकणात यात आणखी एक भर पडते. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस गाडीचा तळ आतून खातात. वरून मॅटिंग कोरं दिसतं. ते उचलून स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं की आरपार जातं. अशा पत्र्यावर जगातला सर्वात महाग हार्नेस बांधूनही उपयोग नाही. आधी फॅब्रिकेशनवाल्याकडून कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्यावा, मग हार्नेसचं बघावं. पट्टे सीटला किंवा सीटच्या ब्रॅकेटला कधीही अडकवू नयेत. बोल्टही हार्डवेअरच्या दुकानातला साधा नको, डोक्यावर 8.8 कोरलेला घ्या.

खांद्याचे पट्टे मागे जाताना जमिनीला समांतर किंवा जरासे उतरते असावेत. 10 अंशांचा उतार उत्तम. पिंजरा नसलेल्या गाडीत लोक ते मागच्या सीटच्या पायथ्याशी नेऊन बांधतात. मग धडकेत पट्टा माणसाला मागे धरण्याऐवजी खाली दाबतो आणि मणक्यावर भार येतो. पिंजऱ्याच्या आडव्या नळीला पट्टा गुंडाळणं यापेक्षा कितीतरी चांगलं. पट्टा आखूड राहतो, त्यामुळे कमी ताणतो. मात्र तीन दांड्यांच्या ॲडजस्टरमधून पट्ट्याचं टोक परत उलटं ओवलंच पाहिजे, नाहीतर ओढ बसली की ते सरकत सुटतं.

कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर बसायला हवा. चार टोकांच्या साध्या हार्नेसचा दोष इथेच आहे. खांद्याचे पट्टे आवळले की ते कमरेचा पट्टा पोटावर ओढतात आणि धडकेत शरीर त्याखालून पुढे घसरतं. आतड्यांना आणि यकृताला इजा होते ती अशी. सहा टोकांच्या हार्नेसमध्ये मांड्यांमधून येणारे दोन पट्टे हे थांबवतात. बसल्यावर आधी कमरेचा पट्टा घट्ट करावा, मग हे दोन, शेवटी खांद्याचे.

18 फेब्रुवारी 2001 रोजी अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट या चालकाचा मृत्यू झाला. नासकार या अमेरिकी मोटारशर्यत संस्थेच्या चौकशीत कमरेचा पट्टा ॲडजस्टरच्या एका कडेला गोळा होऊन फाटल्याचं निघालं. मृत्यूचं कारण कवटीच्या तळाचं फ्रॅक्चर होतं. पट्टा धड रोखतो, डोकं मात्र पुढे झेपावतं. यावरचा उपाय, म्हणजे हान्स हे मान रोखणारं साधन, रॉबर्ट हबर्ड या अमेरिकी प्राध्यापकाने 1980 च्या दशकातच तयार केलं होतं. अर्नहार्ट गेल्यावर त्याच वर्षी नासकारने डोकं रोखणारं साधन सक्तीचं केलं, 2003 पासून फॉर्म्युला वननेही. माझं स्पष्ट मत आहे: हेल्मेट आणि हान्सचे पैसे नसतील तर हार्नेसही तूर्त घेऊ नका, मूळ तीन टोकांचा पट्टाच वापरा.

रस्त्यावरच्या गाडीला तर हार्नेस नकोच. 1959 साली व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी दिलेला तीन टोकांचा पट्टा एअरबॅगशी जुळवून बसवलेला असतो, आणि छत चेपलं तर धडाला थोडं बाजूला झुकू देतो. हार्नेसमध्ये माणूस ताठ खिळलेला असतो, म्हणून त्याच्या डोक्यावर पिंजरा लागतोच.

खरेदी करताना लेबल वाचा. एफआयएच्या नव्या मानकाचा क्रमांक 8853-2016 आहे आणि पट्टा कोणत्या वर्षापर्यंत वैध हे त्यावरच लिहिलेलं असतं. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त, नामांकित कंपन्यांच्या शिक्क्याची नक्कल केलेल्या पट्ट्यांना हात लावू नका. एका मोठ्या धडकेनंतर पट्टा बदलायचाच, दिसायला धड असला तरी. उन्हाने रंग उडालेला, कडा उसवलेला पट्टाही बाद. पावसाळ्यानंतर तांबड्या धुळीने बकल अडकतं का, तेही तपासून घ्या.

रॅलीच्या गाडीत पट्टा कापायचे दोन कटर लागतात. पट्टे पूर्ण आवळलेले असताना चालकाचा आणि सहचालकाचा हात तिथे पोहोचला पाहिजे. सीटवर बसा, सगळं आवळा, आणि कोणाच्या मदतीशिवाय हात नेऊन बघा. पोहोचत नसेल तर कटरची जागा बदला.